पट्ट्यातली ढील: चाइल्ड सीट बसवताना आणि बेल्ट लावताना

मुलीची पहिली सीट मी गाडीत बसवली तेव्हा पाऊण तास झटलो होतो. सीट जागची हलत नव्हती, बकल लागलं होतं, मी खूश. तीन महिन्यांनी कापड धुवायला काढलं तेव्हा खालच्या प्लॅस्टिकवर दोन खुणा दिसल्या, एक निळी आणि एक लाल. सीटचं तोंड होतं मागे, आणि गाडीचा पट्टा मात्र मी लाल खुणेच्या खाचेतून ओवला होता. ती वाट सीट पुढे तोंड करून बसवताना वापरायची. म्हणजे पट्टा घट्ट होता, पण भलत्याच जागी.

तेव्हापासून ओळखीतल्या कुणाच्या गाडीत चाइल्ड सीट दिसली की माझा हात आपोआप पट्ट्याकडे जातो. बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते: ढील. कुठे गाडीच्या पट्ट्यात, कुठे मुलाच्या हार्नेसमध्ये (म्हणजे सीटच्याच, मुलाला बांधायच्या पट्ट्यांत), कुठे दोन्हीकडे. महागातली सीट आणि चार बोटं जातील एवढा सैल पट्टा, हे नेहमीचं दृश्य.

ही ढील एवढी का बोचते ते आधी सांगतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी भिंतीवर आदळणं म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून जमिनीवर पडणं. सगळा प्रकार साधारण एक दशांश सेकंदात आटोपतो. गाडीचं नाक चेपत जातं तसा गाडीचा वेग उतरतो, पण आत बसलेल्याचा वेग पट्टा ताणला जाईपर्यंत ५० चाच राहतो. पट्टा अंगाशी लागलेला असेल तर शरीर गाडीबरोबर थांबायला लागतं. सैल असेल तर गाडी अर्धी थांबून जाते आणि मग उरलेला सगळा फरक पट्टा एका हिसक्यात वसूल करतो. शरीरावर अशा वेळी वजनाच्या वीस-तीस पट जोर येतो. १० किलोचं मूल त्या क्षणी दोनशे ते तीनशे किलोचं होतं. ‘मी मांडीवर घट्ट धरून बसेन’ हे म्हणणं त्या आकड्यापुढे टिकत नाही. तेवढं वजन हातांनी कुणी धरू शकत नाही.

आधी तोंड कुठे करायचं ते ठरवा

नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असतं. मोठ्या माणसात ते सातवा-आठवा भाग उरतं. त्यात मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. अशा बाळाचं तोंड पुढे असलं आणि गाडी समोरून आदळली, तर धड पट्ट्यात अडकतं आणि ते जड डोकं एकट्या मानेवर पुढे फेकलं जातं. तोंड मागे असलं तर डोकं, मान, पाठ सगळं एकदम सीटच्या टेकीत दाबलं जातं आणि जोर वाटला जातो. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर जोर घेतात, ते पाहून स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांना मागे तोंड असलेल्या बालआसनाची कल्पना सुचली आणि १९६४ मध्ये तिचा पहिला नमुना तपासला गेला. तत्त्व अजून तेच आहे.

म्हणून जन्मापासून मागे तोंड, आणि सीटची उंचीची किंवा वजनाची मर्यादा भरेपर्यंत मागेच. युरोपच्या आर१२९ या नियमात, ज्याला आय-साइझ म्हणतात, १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे. पण ती किमान अट झाली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ पासून वयाची अट काढून ‘सीट परवानगी देईल तोवर’ असंच म्हटलं आहे. मोठ्या मर्यादेची सीट घेतली तर मूल तीन-चार वर्षांचं होईपर्यंतही असं बसू शकतं. पाय दुमडून बसावं लागतं म्हणून आजी-आजोबा हळहळतात. मुलं मात्र मजेत मांडी घालून बसतात. मर्यादा भरली की नाही हे पायांवरून ठरत नाही, डोक्यावरून ठरतं: बहुतेक सीटमध्ये डोक्याच्या वर कवचाची निदान अडीच सेंटीमीटर कड उरायला हवी.

पुढची पायरी पुढे तोंड आणि पाच टोकांचा हार्नेस: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक पायांच्या मधून. त्यानंतर बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक. आणि मग नुसता गाडीचा बेल्ट. प्रत्येक पायरी चढताना संरक्षण थोडं कमी होत जातं, म्हणून वाढदिवसाच्या घाईने पुढे सरकवू नका.

गाडीत जागा

मागची सीट. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ तेरा वर्षांपर्यंत मागेच बसवा म्हणतात. त्यातही मधली जागा दोन्ही दरवाजांपासून लांब, म्हणून चांगली. पण ती बऱ्याच गाड्यांत अरुंद किंवा उंचवट्याची असते आणि तिथे आयसोफिक्सच्या, म्हणजे सीट थेट गाडीला अडकवायच्या, दांड्याही नसतात. मधे डुगडुगणाऱ्या सीटपेक्षा कडेला पक्की बसलेली सीट शंभर पटीने बरी.

एक गोष्ट मात्र कुठल्याही परिस्थितीत नाही: पुढच्या बाजूला चालू एअरबॅग आणि त्यासमोर मागे तोंड केलेली सीट. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, आणि बाळाचं डोकं नेमकं तिच्या झाकणाच्या अगदी जवळ असतं. सनव्हायझरवर लहान मुलाचं आणि फुगलेल्या पिशवीचं चित्र असतं, ते याचसाठी.

बसवायच्या आधी

गाडी सपाट जागी उभी करा. उतारावर उभ्या गाडीत सीटचा कल नेहमी चुकतो. सीटचं माहितीपुस्तक आणि गाडीचं माहितीपुस्तक, दोन्ही जवळ ठेवा. कुठल्या जागेवर कुठल्या प्रकारची सीट चालते याचा तक्ता गाडीच्या पुस्तकात असतो. आणि मूल घरात ठेवा. रडणारं मूल कडेवर घेऊन कुणीही सीट नीट बसवलेली मी पाहिलेली नाही.

सीट गाडीला दोन प्रकारे जोडता येते: आयसोफिक्सने (अमेरिकेत त्याच्या भावंडाला लॅच म्हणतात) किंवा गाडीच्याच बेल्टने. नीट जमलं तर दोन्ही तितकेच सुरक्षित. आयसोफिक्समध्ये चुकायला जागा कमी, एवढाच त्याचा मोठेपणा. पण त्याला वजनाची मर्यादा असते. आय-साइझमध्ये सीट आणि मूल मिळून ३३ किलोच्या पुढे जाता येत नाही. मुलाचं वजन वाढलं की पुस्तक उघडून बेल्टवर जायची वेळ आली का ते पाहा. दोन्ही एकदम लावले तर दुप्पट सुरक्षित, असं वाटणारे बरेच भेटतात. पुस्तकात तशी स्पष्ट परवानगी नसेल तर एकच लावा. अपघातात सीटवर जोर ठरलेल्या वाटेनेच जायला हवा.

आयसोफिक्सने

गाडीच्या गादीच्या आणि टेकीच्या फटीत हात घाला. बोटाएवढ्या जाडीच्या लोखंडी दांड्या लागतील, एका जागेला दोन. सीटचे दोन्ही हात पूर्ण बाहेर काढा, दांड्यांसमोर आणा आणि ढकला. दोन्ही बाजूंनी ‘खट्’ आवाज यायला हवा आणि दोन्ही खुणा हिरव्या व्हायला हव्यात. एकच हिरवी झाली असेल तर सीट लागलेली नाही. मग सीट टेकीकडे दाबत मागे सरकवा.

आता तिसरा आधार. काही सीटना पुढे पाय असतो, तो गाडीच्या जमिनीवर ठाम टेकला पाहिजे, पण गादी उचलली जाईल इतका लांब करू नका. पायाखाली जमिनीत सामानाचा कप्पा असेल तर थांबा आणि गाडीचं पुस्तक पाहा; कप्प्याचं झाकण तो जोर पेलायला केलेलं नसतं. काही सीटना पायाऐवजी वरचा टेदर पट्टा असतो. त्याबद्दल पुढे वेगळं सांगतो, कारण तो विसरणारेच जास्त.

गाडीच्या बेल्टने

इथे मी जरा रेंगाळणार आहे.

सीट जागेवर ठेवा आणि योग्य रंगाची खाच शोधा: बहुतेक युरोपियन सीटवर मागे तोंडासाठी निळी, पुढे तोंडासाठी लाल. पट्टा त्यातून ओवा, बकल लावा. मग पट्ट्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगठा फिरवा. पीळ असेल तिथे अंगठा अडखळतो. पीळ पडलेला पट्टा जोर सगळ्या रुंदीवर न घेता एका कडेवर घेतो, म्हणून बकल सोडा, पीळ काढा, परत लावा.

आता वजन टाका. सीटच्या बुडात, पट्टा जातो त्याच्या आसपास, एक गुडघा किंवा हाताचा कोपर रोवून अंगाचा भार द्या. गादी दबली की दुसऱ्या हाताने आधी कमरेच्या भागातली ढील ओढून खांद्याच्या भागात आणा, मग खांद्याचा भाग वर, रीळच्या (पट्टा जिथे गुंडाळला जातो त्या चाकाच्या) दिशेने ओढा. ओढलेलं सोडू नका. ते पकडूनच पुढची पायरी: ढील परत यायला नको यासाठी पट्टा अडकवणं.

साधा गाडीचा बेल्ट एरवी मोकळा फिरतो आणि झटका बसला तरच अडकतो. माणसासाठी ते सोयीचं, सीटसाठी पुरेसं नाही. म्हणून बऱ्याच सीटना पट्टा चिमटून धरणारी आपली स्वतःची क्लिप असते. ती असेल तर घट्ट ओढलेल्या पट्ट्यावर तीच बंद करा. काही गाड्यांत रीळमध्येच युक्ती असते: पट्टा अगदी शेवटपर्यंत हळूहळू बाहेर ओढला की आत जाताना ‘टिक टिक टिक’ असा दात्यांचा आवाज येतो, आणि त्यानंतर तो फक्त आत जातो, बाहेर येत नाही. तुमच्या गाडीत हे आहे का ते ओढून पाहिल्याशिवाय कळत नाही.

झालं की तपासा. पट्टा जातो नेमक्या त्या जागी सीट एका हाताने धरा आणि शेकहँड करताना लागतो तेवढ्या जोराने डावी-उजवी, पुढे-मागे हलवा. अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी हलली तर काम झालं. डोक्याकडचा भाग धरून हलवू नका. मागे तोंड केलेल्या सीटचा तो भाग थोडा हलतोच, आणि मग माणूस विनाकारण घामाघूम होतो.

कल

लहान बाळाची मान अजून स्वतःला पेलत नाही. सीट फार उभी असली तर झोपेत हनुवटी छातीवर येते आणि श्वासाची नळी दबते. फार आडवी असली तर टेक आदळण्याचा जोर नीट घेत नाही. नवजातासाठी साधारण ४५ अंश, आणि मूल वाढेल तसं थोडं उभं. बहुतेक सीटच्या कडेला रेघ किंवा बुडबुड्याची पट्टी असते. तिच्यावर विश्वास ठेवा, डोळ्यावर नको. याच कारणाने गाडीतून काढलेली सीट घरात पाळण्यासारखी वापरू नका. मुक्कामाला पोचलात की झोपलेल्या बाळाला सपाट जागी निजवा, झोप मोडली तरी चालेल.

टेदर

पुढे तोंड केलेल्या सीटच्या पाठीतून वरून एक पट्टा निघतो, त्याला टोकाला आकडा असतो. तो गाडीच्या टेकीमागे, डिकीच्या जमिनीत किंवा मागच्या काचेखालच्या फळीत असलेल्या कडीत अडकवायचा आणि घट्ट करायचा. बऱ्याच गाड्यांत या कडीवर नांगराचं चित्र असतं. सामान बांधायच्या कड्याही तशाच दिसतात, त्यात अडकवू नका. टेदर नसला तर आदळल्यावर सीटचा वरचा भाग आणि त्याबरोबर मुलाचं डोकं कितीतरी जास्त पुढे येतं, थेट समोरच्या सीटच्या पाठीपर्यंत. मी पाहिलेल्या निम्म्या सीटमध्ये हा पट्टा पाठीमागे गुंडाळलेला, कंपनीच्या रबरासकट, तसाच होता.

आता मूल

जाड जॅकेट काढा. हा सल्ला आईवडिलांना सगळ्यात जाचक वाटतो, म्हणून एकदा प्रयोग करा: जॅकेटसकट मुलाला बसवून हार्नेस घट्ट करा, मग पट्टे न हलवता मुलाला बाहेर काढा, जॅकेट उतरवा आणि परत त्याच पट्ट्यांत बसवा. मधे केवढी पोकळी राहते ते दिसेल. आदळताना कापूस चेपतो आणि तेवढी ढील उरते. थंडी असेल तर पट्टे लावून झाल्यावर वरून पांघरूण घाला.

मुलाचं बूड सीटच्या अगदी मागे टेकवा. मागे तोंड असेल तर खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून निघावेत; पुढे तोंड असेल तर पातळीला किंवा किंचित वरून. बकल लावा, आधी मांड्यांवरची ढील वर ओढून घ्या, मग खालचा पट्टा ओढून घट्ट करा. अमेरिकी सीटना छातीवर एक क्लिप असते, ती काखेच्या रेषेत हवी, पोटावर नको.

मग चिमटी. खांद्यावरच्या हाडाजवळ पट्टा उभा चिमटीत धरायचा प्रयत्न करा. बोटांत घडी आली तर सैल, बोटं घसरली तर ठीक. मूल कुरकुरेल, सैल सोडलेलं मूलही कुरकुरतं.

डोक्याभोवतीच्या गाद्या, पट्ट्यांवरची मऊ आवरणं, खाली अंथरायचे जाळीदार कापड, यातलं सीटबरोबर आलेलं तेवढंच वापरा. वेगळं विकत घेतलेलं सीटबरोबर तपासलेलं नसतं.

बूस्टर आणि त्यानंतर

हार्नेसची मर्यादा भरली की बूस्टर. त्याचं काम मुलाला उंच करणं, म्हणजे मोठ्यांसाठी केलेला बेल्ट मुलाच्या योग्य हाडांवर येईल. लहान मुलांच्या कंबरेच्या हाडाची कड अजून पुरती वाढलेली नसते, त्यामुळे कमरेचा पट्टा सहज पोटावर चढतो आणि अपघातात आतड्यांना, यकृताला इजा करतो. बूस्टरला तीन टोकांचा बेल्टच लागतो. नुसता कमरेचा पट्टा असलेल्या जागी तो वापरायचा नाही. आणि मूल नसतानाही रिकामा बूस्टर बेल्टने बांधून ठेवा, नाहीतर अचानक ब्रेक लागल्यावर तो गाडीत उडतो.

बूस्टर कधी सोडायचा याला वय विचारू नका, उंची विचारा: साधारण १४५ सेंटीमीटर. पुष्कळ मुलं तिथे आठ ते बारा वर्षांच्या मधे पोचतात. युरोपातले काही देश १३५ वर सोडतात, काही १५० वर. त्याहून खात्रीचं म्हणजे गाडीत बसवून पाहणं. पाठ टेकीला लागून गुडघे गादीच्या कडेवर वाकतात का, कमरेचा पट्टा पोटावर न चढता मांड्यांवरच राहतो का, खांद्याचा पट्टा गळ्यावर न येता खांद्याच्या मधोमध जातो का, आणि मुख्य म्हणजे मूल अर्धा तास असंच बसतं का. पहिल्या पाच मिनिटांत सगळी मुलं नीट बसतात.

मोठ्यांचा बेल्ट

तीन टोकांचा बेल्ट व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये आणला आणि कंपनीने त्याचं पेटंट इतरांना खुलं ठेवलं. आपण तो आजही तेवढ्याच बेफिकिरीने लावतो. कमरेचा भाग पोटावर नाही, खाली, दोन्ही खुब्यांच्या हाडांवर. खांद्याचा भाग गळ्याच्या आणि खांद्याच्या मधे, छातीवरून. टोचतो म्हणून काखेतून काढला तर जोर बरगड्यांवर येतो. पाठीमागे टाकला तर वरचं शरीर मोकळंच. टेक खूप मागे पाडून झोपलेल्या माणसाला बेल्ट असून नसल्यासारखा: आदळल्यावर शरीर पट्ट्याखालून घसरतं.

गरोदर बाईने कमरेचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर घ्यावा आणि खांद्याचा पट्टा स्तनांच्या मधून पोटाच्या कडेने. गाडी चालवत असाल तर छाती आणि स्टीअरिंगच्या मधे निदान २५ सेंटीमीटर अंतर हवं.

मूल मांडीवर घेऊन दोघांवरून एकच बेल्ट लावणं सगळ्यात वाईट. पट्टा आणि मोठ्याचं वजन, या दोघांच्या मधे मूल सापडतं. मागे बसलेल्यांनी बेल्ट लावला नाही तर ते पुढच्यांच्या पाठीवर येऊन आदळतात, मग पुढच्यांनी बेल्ट लावलेला असला तरी काय. आणि बकलमध्ये खोचायच्या त्या चपट्या क्लिपा, ज्या फक्त गाडीची टुणटुण बंद करतात, त्या आजच काढून फेका.

सांभाळ आणि निवृत्ती

हार्नेसचे पट्टे मशीनमध्ये धुऊ नका, ब्लीच लावू नका. धाग्यांची ताकद कमी होते. सौम्य साबणाचं पाणी आणि ओलं फडकं. बकलमध्ये बिस्किटाचा चुरा अडकून ते नीट लागत नसेल तर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे कोमट पाण्याने धुवा. त्यात तेल कधीच घालू नका. उन्हात उभ्या गाडीत बसवण्याआधी बकलच्या धातूला हात लावून पाहा. मुलांच्या पायांना चटके बसतात ते इथेच. आणि बंद गाडीत मूल एक मिनिटही ठेवू नका. दहा मिनिटांत आतलं तापमान दहा-अकरा अंशांनी चढतं.

मूल चालत्या गाडीत पट्टा सोडायला शिकलं तर गाडी कडेला घ्या, परत लावा, मगच निघा. चार-पाच वेळा हे करावं लागतं.

अपघात झाला की सीट बदला. अगदी किरकोळ धक्का असेल, एअरबॅग उघडली नसेल, कुणाला लागलं नसेल, सीटवर ओरखडाही नसेल, तरच काही कंपन्या तीच सीट चालवायची मुभा देतात. काही तेवढीही देत नाहीत. म्हणूनच जिचा इतिहास माहीत नाही अशी वापरलेली सीट घेऊ नका, फुकट मिळाली तरी. तिला मुदतही असते, बहुतेक सहा ते दहा वर्षं. ती बुडाच्या प्लॅस्टिकवर किंवा लेबलवर छापलेली सापडेल.

मुदत संपलेली सीट कचऱ्याशेजारी तशीच ठेवू नका, कुणीतरी चांगली समजून उचलून नेतं. कापड काढा, हार्नेसचे पट्टे कात्रीने कापा आणि कवचावर जाड पेनने ‘वापरू नये’ असं लिहा.